मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा हिपॅटायटिस बी आणि ‘इम्यून सेल थेरपी’: चालू गोळी थांबवू नका

आपल्या वडिलांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला तीन वर्षे झाली आहेत, एन्टेकॅविर ही विषाणूरोधक गोळी चालू असूनही हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढतो आहे आणि एका खासगी केंद्राने ‘इम्यून सेल थेरपी’, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील रोगप्रतिकारक पेशी वाढवून परत सोडण्याचा उपचार, सुचवली आहे, हे तुम्ही लिहिलेले वाचले आणि अशाच आजारातून गेलेल्या माझ्या धाकट्या भावाचे ते वर्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. मी डॉक्टर नाही. औषधांबाबत नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) आणि यकृततज्ज्ञ यांचाच शब्द अंतिम मानावा.

आम्हीही अशाच एका केंद्रात गेलो होतो. तेथे ‘नेक्सकार१९’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळालेल्या मान्यतेची बातमी दाखवण्यात आली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचे ते काम खरेच अभिमानास्पद आहे, परंतु ती मान्यता बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. पुढे ‘पेशींचा परिणाम मोजायचा तर विषाणू रक्तात दिसायला हवा’ असे सांगून त्यांनी एन्टेकॅविर बंद करायला लावले आणि आम्ही नेफ्रॉलॉजिस्टना न विचारता ते बंद केले. पैसे गेल्याचे दुःख विसरता येते, ही चूक मात्र विसरता येत नाही. सातव्या आठवड्यात भावाचे डोळे पिवळे झाले आणि यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी हजाराच्या वर गेले. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर यकृत सावरले, पण मूत्रपिंडाचे काम बिघडले की वाढणारे क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेले ते आजतागायत खाली आलेले नाही. केंद्राला फोन केला तेव्हा सही केलेल्या संमतिपत्राकडे बोट दाखवण्यात आले.

गोळी विषाणूची वाढ रोखते, पण यकृतपेशींच्या केंद्रकात दडलेला त्याचा वर्तुळाकार डीएनए काढून टाकत नाही. एरवी त्याला टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, दाबून ठेवतात आणि नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस नेमके त्यांनाच आवरते. मग रुग्णाच्याच रक्तातून वाढवून परत सोडलेल्या पेशी त्याच टॅक्रोलिमसच्या अमलाखाली कशा लढणार, हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता. सिंगापूरमध्ये अंतोनियो बेर्तोलेत्ती यांच्या गटाने टॅक्रोलिमसला दाद न देणाऱ्या टी-पेशी तयार केल्या आहेत. परंतु तो मार्ग प्रायोगिक असून, यकृत प्रत्यारोपणानंतर उलटलेल्या हिपॅटायटिस बीजन्य कर्करोगासाठी आहे. शिवाय मूत्रपिंड बसवलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती सरसकट चेतवली, तर ती त्या मूत्रपिंडावरच उलटू शकते. प्रतिकारशक्ती चेतवणारे इंटरफेरॉन हे औषध अशा रुग्णांत टाळतात ते याच भीतीने.

तरीही जायचेच असेल, तर केंद्राकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा (वैद्यकीय चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीचा) क्रमांक आणि नैतिकता समितीची मान्यता लेखी मागा. संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णावर टाकू नये, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून प्रयोगासाठी लाखो रुपये मागणाऱ्याकडे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा. एन्टेकॅविर रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी किंवा नंतर दोन तासांचे अंतर ठेवून घ्यायचे असते. माझा भाऊ कित्येक महिने ते न्याहारीबरोबर घेत होता. दुसरे म्हणजे, डायलिसिसच्या काळातील जुनी फाइल काढून वडिलांनी पूर्वी लॅमिव्युडिन हे हिपॅटायटिस बीवरचे जुने औषध घेतले होते का ते पाहा. घेतले असेल तर एन्टेकॅविरला दाद न देणारा विषाणू तयार झालेला असू शकतो, आणि मग टेनोफोविर या दुसऱ्या विषाणूरोधक औषधाचा मूत्रपिंडाला कमी त्रास देणारा प्रकार, म्हणजे टेनोफोविर अलाफेनामाइड, चालेल का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा.