देवस्थानच्या चाळीतील भाडे विश्वस्तांना एकदम वाढवता येते का?

आपण लिहिले आहे की, रत्नागिरी शहरात एका देवस्थानच्या चाळीत आपले कुटुंब 1994 पासून राहते, भाडे तेव्हापासून 300 रुपयेच आहे आणि पावती वडिलांच्या नावे होती. वडील गेल्या वर्षी वारले. आता नवे विश्वस्त दरमहा 2,000 रुपये मागतात आणि न दिल्यास पंपाचे पाणी बंद करू म्हणतात. मी कोकणातील दिवाणी न्यायालयांत भाडेवादांची कामे करतो, म्हणून उत्तर देत आहे.

सार्वजनिक न्यास घरमालक असला तरी केवळ त्या कारणाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू होण्याचे थांबत नाही. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना मात्र हा अधिनियम लागू नाही. हीच खोली नगरपरिषदेची असती, तर पुढचे बहुतेक उत्तर आपल्या उपयोगाचे नव्हते. अधिनियम त्याच्या अनुसूचींत, म्हणजे त्याला जोडलेल्या याद्यांत, नमूद असलेल्या ठिकाणीच चालतो, त्यामुळे आपली चाळ ज्या हद्दीत येते तिचे नाव वकिलाकडून आधी पडताळून घ्यावे.

हा अधिनियम 31 मार्च 2000 रोजी अमलात आला आणि तेव्हापासून घरमालकाला दरवर्षी 4 टक्के भाडेवाढ करण्याचा हक्क आहे. 300 रुपयांवर ही वाढ पहिल्या वर्षी 12 रुपये होते. विश्वस्तांनी मागच्या पंचवीस वर्षांची वाढ एकत्र मागितली असे धरले, तरी सरळ हिशेबाने भाडे सुमारे 600 आणि चक्रवाढीने सुमारे 800 रुपये होईल. स्थानिक कर वाढले असतील तर ती वाढ वेगळी मागता येते, पण तिचा हिशेब त्यांनी दाखवायला हवा. 2,000 रुपयांचा आकडा यातून निघत नाही. प्रमाण भाडे, म्हणजे त्या जागेचे कायद्याने योग्य ठरणारे भाडे, किती यावर एकमत झाले नाही तर ते न्यायालयाकडून ठरवून घेता येते.

आपल्या प्रश्नात एक वाक्य आहे, ज्याची मला भाडेवाढीपेक्षा जास्त काळजी वाटते: “वाद मिटेपर्यंत भाडे द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.” असे कृपया करू नका. भाडेकरू प्रमाण भाडे व कायद्याने मान्य वाढ देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर घरमालकाला थकबाकीच्या कारणाने ताबा मागता येत नाही, आणि आपल्या बाजूचा सगळा जोर याच तयारीवर उभा आहे. विश्वस्त 300 रुपये घेत नसतील तर दरमहा मनीऑर्डर करा आणि ती “घेण्यास नकार” असा शेरा मारून परत आली तर तो कागद फाईलला लावून ठेवा. थकबाकीची लेखी नोटीस आल्यापासून 90 दिवस दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह व दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरून पुढेही नियमित भरत राहिल्यास घर वाचते. माझ्यासमोर हरलेले बहुतेक भाडेकरू भाडेवाढीच्या मुद्द्यावर हरले नाहीत, भाडे भरणे सोडल्यामुळे हरले.

वडिलांच्या पश्चात भाडेकरूपणा कुटुंबातील त्या व्यक्तीकडे जातो, जी त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत तिथे राहत होती. म्हणजे आपल्या घरात आईकडे. मुंबईत नोकरीला असलेल्या भावाचे नाव पावतीवर घालण्याचा आपला विचार दिसतो, तो सोडावा. चाकरमान्याच्या नावावर खोली केली आणि ती गणपती नि शिमगा वगळता कुलूपबंद राहिली, तर सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे हे ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण आहे. आपल्याकडे कितीतरी खोल्या याच कलमाने गेल्या आहेत.

पाणी तोडण्याचा अधिकार कोणत्याही घरमालकाला नाही. योग्य कारणाशिवाय पाणी किंवा वीज बंद केल्यास न्यायालयात अर्ज करून अंतरिम आदेश मिळवता येतो. कौलांबद्दलही आपण विचारले आहे. जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे काम आहे. विश्वस्त शाकारणी करत नसतील तर आधी लेखी नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, मग कौले परतून आणि कुजलेली रीप बदलून घ्या. खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या आतच. 300 रुपये भाड्यात ही रक्कम 900 रुपये होते, तेवढ्यात गड्याची दोन दिवसांची मजुरीही सुटणार नाही.

विश्वस्तांनी “फक्त औपचारिकता” म्हणून अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा करार पुढे केला तर त्यावर आईची सही होऊ देऊ नका. त्या कराराने आपण भाडेकरू न राहता परवानाधारक ठरू शकता. परवानाधारकाला वर सांगितलेली बरीच संरक्षणे नसतात, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दराने रक्कम द्यावी लागते.

न्यायालयात जो अर्ज कराल तो आईच्या नावाने करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मागता येते. जाताना वडिलांचा मृत्यू दाखला, जुन्या पावत्या आणि त्याच पत्त्याचे आईचे रेशनकार्ड बरोबर न्यावे.