फलनाचे ‘विघटन’ होत नाही, त्याचे अवयव पाडले जातात

अंकीय परिपथांच्या रचनेतील ‘फंक्शनल डीकॉम्पोझिशन’ला, म्हणजे एक मोठे फलन (फंक्शन) लहान फलनांतून मांडण्याला, मराठीत ‘फलनाचे विघटन’ म्हणावे की ‘विभाजन’, असे एका प्राध्यापकांनी विचारले आहे. दोन्ही नकोत. विघटन ओल्या कचऱ्याचे होते आणि त्यानंतर मूळ वस्तू उरत नाही. व्याख्यानांतून हा शब्द कानी पडला की दर वेळी खटकतो, कारण येथे मूळ फलन तसूभरही बदलत नाही, ते केवळ लहान फलनांच्या जुळणीतून नव्याने मांडले जाते. विभाजन होते खरे, पण ते चलांचे, म्हणजे फलनाच्या इनपुटांचे.

रॉबर्ट ॲशेनहर्स्ट यांनी १९५७ साली हार्वर्ड विद्यापीठातील परिसंवादात मांडलेली, फलन असे लहान फलनांतून मांडता येते का हे ठरवणारी कसोटी पाहा. अ, ब, क, ड या चार इनपुटांपैकी विषम संख्येने १ असतील तरच दिवा लागावा, असे समजा. अ-बच्या चार जोड्या स्तंभांत आणि क-डच्या चार जोड्या ओळींत लिहून कोष्टक भरले, तर ०० आणि ११ यांचे स्तंभ हुबेहूब सारखे निघतात, तसेच ०१ आणि १० यांचेही. एका तारेवरून ० किंवा १ एवढेच कळवता येते आणि येथे स्तंभांचे प्रकारही दोनच असल्यामुळे अ आणि ब एका लहान परिपथात घालून तेथून पुढे एकच तार नेली तरी भागते. तीन प्रकार निघाले असते, तर दोन तारा लागल्या असत्या.

याला शाळेतल्या बीजगणिताचाच शब्द शोभतो: अवयव पाडणे. ‘अवयव’ हा ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘यु’ हा धातू यांपासून झाला, आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह दिलेली जुनी यादी, म्हणतो, ‘यु मिश्रणेऽमिश्रणे च’: जोडणे आणि वेगळे करणे, दोन्ही. ज्या धातूपासून ‘युती’ झाली, त्याच धातूपासून ‘अवयव’ व्हावा, याचा मला अपार आनंद वाटतो. व्हिटनी यांच्यासारखे पाश्चात्त्य संस्कृतज्ञ येथे दोन निराळे धातू मानतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण हात खांद्यापासून वेगळा ओळखू येतो आणि तरीही खांद्याला जोडलेला असतो, म्हणूनच तो अवयव ठरतो. वर सांगितलेल्या लहान परिपथाचेही तसेच आहे.

अवयव गुणाकाराचेच असतात, ही हरकत टिकत नाही. न्यायदर्शनातल्या, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातल्या, अनुमानवाक्याला प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव असतात, आणि त्यांचा गुणाकार कोणी करत नाही.