बाणाची बाजू कोणती? वेल्डिंगच्या चिन्हांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी फॅब्रिकेशनच्या कामावर शिकाऊ वेल्डर आहे. आडव्या प्लेटवर उभी प्लेट जोडण्याच्या ड्रॉइंगमध्ये रेषेच्या खाली त्रिकोण, त्याच्या डावीकडे ६ आणि उजवीकडे ५०-१५० असे लिहिले होते. त्रिकोणाचा उतार उजवीकडे दिसला, म्हणून मी उभ्या प्लेटच्या उजव्या बाजूने वेल्ड मारला. पर्यवेक्षकांनी बाजू चुकल्याचे सांगून तो ग्राइंड करून काढायला लावला. माझे काय चुकले? आणि टी जॉइंट व फिलेट वेल्ड ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो गोंधळ दूर झाल्याशिवाय चिन्हाचा अर्थ नीट लागत नाही. दोन भाग वेल्ड करण्यापूर्वी एकमेकांशी कसे मांडले आहेत, ते जॉइंटच्या नावावरून कळते. भाग एकाच पातळीत समोरासमोर असतील तर बट, एकावर एक चढवलेले असतील तर लॅप, काटकोनात टोकाला टोक मिळत असेल तर कॉर्नर, एकाचे टोक दुसऱ्याच्या अंगावर टेकत असेल तर टी आणि कडा समांतर ठेवून त्यांवरच वेल्ड करायचा असेल तर एज, असे मुख्य पाच प्रकार आहेत. या मांडणीत धातू कुठे आणि कोणत्या आकारात भरायचा, ते मात्र वेल्डच्या प्रकारावर ठरते. टी जॉइंटच्या कोपऱ्यात फिलेट, म्हणजे त्रिकोणी छेदाचा वेल्ड, भरता येतो. तोच जॉइंट पूर्ण जाडीपर्यंत जोडायचा असेल तर उभ्या प्लेटची कड तिरपी कापून त्या खाचेत धातू भरता येतो, म्हणजे ग्रूव्ह वेल्डही करता येतो. ड्रॉइंगमधले चिन्ह वेल्डविषयी बोलते. जॉइंट कोणता आहे ते आकृतीतच दिसत असते.

आता बाजूविषयी. फिलेटच्या त्रिकोणाची उभी बाजू नेहमी डावीकडेच काढतात, मग प्रत्यक्ष वेल्ड कुठेही असो. त्यामुळे त्याच्या उतारावरून बाजू ओळखण्याचा प्रयत्न करणे ही आपली चूक झाली, आणि नव्या माणसाकडून ती अगदी सहज होते. बाजू ठरते ती आडव्या संदर्भरेषेवरून, म्हणजे चिन्ह ज्या रेषेवर बसवलेले असते तिच्यावरून, आणि तिला जोडलेल्या बाणाच्या टोकावरून. आपण वर्णन केलेली पद्धत अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ए २.४ या मानकातली आहे. त्यात रेषेखालचे चिन्ह बाण जिथे टेकला आहे त्या बाजूचे असते, रेषेवरचे चिन्ह त्याच जॉइंटच्या पलीकडच्या बाजूचे असते आणि दोन्हीकडे चिन्ह असेल तर वेल्डही दोन्ही बाजूंनी करायचा असतो. येथे ‘खाली’ हा शब्द फक्त कागदावरचा आहे; जॉबची खालची बाजू असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या ड्रॉइंगमध्ये बाण उभ्या प्लेटच्या डाव्या कोपऱ्याला टेकलेला असला पाहिजे, म्हणजे वेल्डही तिथेच हवा होता.

‘त्याच जॉइंटच्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. आडव्या प्लेटच्या वर आणि खाली अशा दोन उभ्या प्लेट असतील आणि बाण वरच्या डाव्या कोपऱ्याला टेकला असेल, तर पलीकडची बाजू म्हणजे वरच्याच प्लेटचा उजवा कोपरा. खालची प्लेट हा स्वतंत्र जॉइंट आहे आणि तिच्यासाठी वेगळा बाण लागतो. अनुभवी माणसेही या ठिकाणी चुकतात.

आकड्यांपैकी डावीकडचा ६ म्हणजे फिलेटच्या लेगची (कोपऱ्यापासून प्लेटवर टेकलेल्या बाजूची) लांबी ६ मिमी. उजवीकडे ५०-१५० म्हणजे प्रत्येक तुकडा ५० मिमी लांब आणि एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्या तुकड्याच्या मध्यापर्यंत १५० मिमी. म्हणजे मधली मोकळी जागा १०० मिमी. ती जागाच १५० धरली, तर ६५० मिमी लांबीच्या जॉइंटवर ५ तुकड्यांऐवजी ४ तुकडे पडतात आणि जोड तेवढा कमकुवत होतो. उजवीकडे काहीच लिहिलेले नसेल, तर जॉइंटची दिशा एकदम बदलते तिथपर्यंत सलग वेल्ड करावा.

प्रश्न : आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका ड्रॉइंगमध्ये रेषेसोबत तुटक रेषाही आहे आणि त्रिकोणाआधी ‘ए ६’ असे रोमन अक्षरासह लिहिले आहे. हा ६ मिमीचाच फिलेट समजावा का?

उत्तर : कृपया तसे समजू नये. ही आयएसओ २५५३ या आंतरराष्ट्रीय मानकातली ‘ए’ पद्धत आहे. तिच्यात सलग रेषेवरचे चिन्ह बाणाच्या बाजूचे आणि तुटक रेषेवरचे चिन्ह पलीकडच्या बाजूचे असते, मग तुटक रेषा वर काढलेली असो वा खाली. आकड्याआधीचे ‘ए’ हे अक्षर थ्रोटची, म्हणजे आतल्या कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची, जाडी सांगते आणि ‘झेड’ असेल तर तो आकडा लेगचा असतो. समान लेगच्या सपाट फिलेटमध्ये थ्रोट लेगच्या सुमारे ०.७ पट असतो. म्हणून ६ मिमी थ्रोटसाठी सुमारे ८.५ मिमी लेग लागतो. आपण ६ मिमी लेग ठेवला तर थ्रोट जेमतेम ४.२ मिमी भरेल. छेदाचे क्षेत्रफळ पाहिले तर एकात ३६ चौरस मिमी आणि दुसऱ्यात १८, म्हणजे धातू नेमका निम्मा. वरून पाहता असा वेल्ड स्वच्छ आणि नीटस दिसतो, आणि म्हणूनच ही चूक मला सर्वांत धोकादायक वाटते. याच पद्धतीत तुटक वेल्ड असेल, तर कंसातला आकडा दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेचा असतो, मध्यापासून मध्यापर्यंतचा नव्हे. तेव्हा टॅक (भाग जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारण्यापूर्वी ड्रॉइंगच्या नावाच्या चौकटीत कोणते मानक लिहिले आहे ते पाहावे, आणि तिथे काहीच नसेल तर ड्रॉइंग काढणाऱ्याला लेखी विचारावे.

प्रश्न : बाणाची रेषा मध्येच मोडलेली असते, ती जागेअभावी का?

उत्तर : काही वेळा तसे असते; पण एकाच भागाची कड कापायची असलेल्या ग्रूव्हमध्ये त्या मोडीला अर्थ असतो. मोडलेला बाण ज्या भागाकडे वळतो, त्याच भागाची कड तिरपी करायची असते. चुकीची प्लेट कापली गेली तर ती पुन्हा भरून काढणे कठीण जाते, म्हणून कटिंग करणाऱ्यालाही हे चिन्ह वाचता आले पाहिजे. बाण संदर्भरेषेला मिळतो त्या ठिकाणी वर्तुळ असेल तर वेल्ड चहूबाजूंनी करायचा असतो, छोटा झेंडा असेल तर तो कारखान्यात न करता उभारणीच्या जागेवर करायचा असतो, आणि संदर्भरेषेच्या दुसऱ्या टोकाला काढलेल्या शेपटीत वेल्डिंगची प्रक्रिया किंवा विशेष सूचना लिहिलेली असते.