जीपची चासी, जिप्सीची बॉडी

प्रश्न : काका, आमची काजूची बाग कणकुंबीच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत चढावर आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा अर्ध्यात थांबतो. दारात वडिलांची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. चासी आणि दोन्ही एक्सल ठणठणीत, पण इंजिन बंद पडून सहा वर्षं झाली आणि बॉडीची चाळण झाली आहे. गेल्या वर्षी लिलावातली मारुती जिप्सी किंग घेतली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी उत्तम, पण चासी मागच्या पाट्यांजवळ (लीफ स्प्रिंगजवळ) गंजून पोकळ. जीपच्या चासीवर जिप्सीचं इंजिन आणि बॉडी चढवून एकच दणकट गाडी करावी म्हणतो. गावातला वेल्डर पंधरा दिवसांत करून देतो म्हणाला. होईल का? आरटीओ पासिंगचं काय? – एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : आधी पासिंगचं सांगून टाकतो, कारण पैसे घालून झाल्यावर ते ऐकायला फार जड जातं. ही गाडी रस्त्यावर चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीनं जी गाडी म्हणून दिली आणि आरसीत जी नोंद आहे, ती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली दर फेरफारामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भीती विम्याची. अशा गाडीनं कुणाला धडक बसली आणि कंपनीनं हात वर केले, तर बाग विकून भरपाई द्यायची वेळ येईल. आपण तर सीमेवरची माणसं. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा. बेळगावच्या केए-२२ नंबरखाली चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, हे तीन राज्यांच्या पोलिसांना समजावत बसायचं का?

एजंट म्हणेल, “आरसी आहे की, काढा ती जिप्सी म्हणून.” त्याच्या नादाला अजिबात लागू नका. चासी नंबर हीच गाडीची ओळख. त्या नंबराला हात लावला की प्रकरण फेरफाराचं न राहता फसवणुकीचं होतं.

आता तुमच्या स्वतःच्या बागेत, स्वतःच्या वाटेवर चालवायची असेल तर बोलू. तेवढ्यापुरती अशी गाडी करण्यात अर्थ आहे, आणि तुमच्याकडं जे दोन सांगाडे आहेत ते जुळण्यासारखे आहेत. फक्त वाट भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून जात नाही ना, हे वनखात्याकडून खात्री करून घ्या. अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, आणि तुमच्या बाजूच्या बऱ्याच जुन्या वाटा आता त्या हद्दीत आहेत.

पहिलं काम, चासी खरंच ठणठणीत आहे का ते बघणं. नुसतं वरून बघून चालत नाही. सपाट कोब्यावर चार ठोकळ्यांवर चासी ठेवा. पाटे जिथं अडकतात त्या प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडा, खाली खडूनं खूण करा. चासी बाजूला काढली की जमिनीवर तिचा नकाशा उरतो. आता कर्ण मोजा, पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्हींत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चासी वाकलेली आहे, ती आधी सरळ करून घ्या. तडे शोधायला वायर ब्रशनं रंग काढा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तिथं आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्याकडं मशीनवर तपासायची सोय आहे, पण मी अजूनही आधी खडूच घेतो.

मग बॉडी. जीपच्या दोन एक्सलमधलं अंतर सुमारे ९१ इंच, म्हणजे २३११ मिलिमीटर. जिप्सीचं २३७५. हा अडीच इंचाचा फरक गाडी उभी असताना नुसता मागचा टायर चाकाच्या कमानीत थोडा पुढं दिसतो एवढाच वाटतो. खरा कळतो तो दगडावर चाक चढून पाटा पूर्ण दबला की, टायर पत्र्याला घासतो तेव्हा. वेल्डर सांगेल, चासी कापून अडीच इंच वाढवू. नको. चासी शाबूत ठेवा आणि बॉडी जिथं चासीवर टेकते ते तिचे पाय सरकवा, कमान कापून मागं-पुढं करा. पत्र्यावर वेल्डिंग चुकलं तर पत्रा फाटेल, चासीवर चुकलं तर माणूस जाईल.

आणि बॉडी चासीला वेल्डिंगनं चिकटवू नका, काहीही झालं तरी. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी चंदगड भागातल्या एका शेतकऱ्याची अशीच गाडी केली. घाई होती, रबर मिळाले नव्हते, मी बॉडी सरळ चासीवर टाकून टाके मारले. जून ते ऑगस्ट गाडी चालली. सप्टेंबरात तो परत आला, तेव्हा काचेच्या चौकटीखाली दोन्ही बाजूंना बोटभर तडे होते. त्याहून वाईट म्हणजे एक चाक बांधावर असताना दार उघडेना, आणि आत त्याची आई बसलेली होती. शिडीसारखी चासी पिळवटते, ते तिचं कामच आहे. वर बॉडी घट्ट बसवली की तो पीळ बॉडीत जातो. मी सगळे टाके कापले, आठ जागी जाड रबर बुश घालून बोल्टवर बसवली आणि एक पैसा घेतला नाही. त्या माऊलीचा घाबरलेला चेहरा मला अजून दिसतो.

इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारी पेटी) तिन्ही जिप्सीचेच घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मधे वीतभर शाफ्ट. जीपमधे ती गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली. वेगळी असल्यामुळं तुम्हाला ती हवी तिथं सरकवता येते. पुढच्या एक्सलचं डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरचा फुगीर गोळा, ज्या अंगाला आहे, त्याच अंगाला ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड यायला हवं. नाहीतर शाफ्ट ऑइल पॅनखालून तिरका जातो आणि पहिल्याच खड्ड्यात पॅन फुटतं. शाफ्ट आखूड करून घेतला की बॅलन्स करून घ्या, आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत ना ते डोळ्यांनी बघा. लेथवरचा पोरगा इथंच चुकतो.

एक्सल दोन्ही जीपचे. पुढं जीपचा, मागं जिप्सीचा असला मेळ घालायचा नाही. फोर व्हीलला टाकल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, वेगळं असेल तर पुढची चाकं मागच्यांशी भांडतात आणि शेवटी दात तुटतात. जुन्या जीपमधे कुणीतरी मधेच क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधले दातेरी गिअर, बदललेलं असतं, म्हणून दोन्ही मोजा. गिअर न्यूट्रल, एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. शाफ्टवर खडूची रेघ मारा, वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. दोन्हीकडं सारखा आला की पुढं जा. जीपचं गुणोत्तर जिप्सीपेक्षा जास्त असल्यामुळं गाडी वेगात ओरडेल, पण तुमच्या चढावर दुसऱ्या गिअरमधे शांतपणे चढेल. तुम्हाला तेच हवंय.

जिप्सीचं १२९८ सीसी पेट्रोल इंजिन जीपच्या डिझेल इंजिनापेक्षा खूप हलकं. त्यामुळं पुढचे पाटे कडक पडतील, नाक वर राहील आणि चढावर पुढचं चाक उड्या मारेल. एक-दोन पाटे कमी करा, पण मुख्य पाट्याला हात लावू नका.

ब्रेकची सगळी मांडणी जीपची ठेवा, मास्टर सिलिंडरसकट, कारण तो चाकांतल्या सिलिंडरांच्या मापानं बनवलेला असतो. हँडब्रेकचं मात्र नीट बघा. जुन्या जीपांमधे तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तुमच्या जीपला तसा असेल तर जुनी केस काढली की हँडब्रेकही गेला. काजूची पोती भरताना चढावर नुसत्या गिअरवर आणि दगडावर गाडी उभी करायची नाही. केस बदलण्याआधी हँडब्रेकची सोय ठरवा.

स्टेअरिंगच्या रॉडला जोड देऊ नका. आमच्या गॅरेजात एक कानडी वेल्डर होता, त्याच्यासारखा टाका मी पुन्हा पाहिला नाही. कुणी ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगचा रॉड, घेऊन आलं की तो हेल्मेट काढून खाली ठेवायचा आणि “आगंगिल्री” म्हणायचा. जमणार नाही जी. दुप्पट पैसे देऊ केले तरी त्याचं उत्तर तेच. तुमचा वेल्डर काय म्हणतो, विचारून बघा. पंधरा दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याकडं मी ही गाडी दिली नसती. नीट करायला तीन महिने लागतात.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. वडिलांच्या जीपचं इंजिन प्यूजो बनावटीचं २११२ सीसी डिझेल असेल, तर ते मेलंय असं लगेच धरू नका. हेड उतरवा, बोअर मोजा. बोअरिंग, लायनर, क्रँक घासणं या कामांत बेळगावसारखं गाव आसपास नाही. ते अगदीच गेलं असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं. मग जिप्सीची बॉडी न लावता मूळ पद्धतीची बॉडी नव्यानं करून घ्या. जीपची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. तुमची संपली आहे का बघा. ही गाडी बागेतही चढेल आणि जुलैतल्या रात्री कुणाला ताप भरला तर जांबोटीवरून थेट खानापूरच्या दवाखान्यापर्यंतही जाईल. माझ्या घरची गाडी असती तर मी हेच केलं असतं. जिप्सीचं इंजिन मात्र झाकून, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून ठेवा. चांगलं इंजिन आहे, वाया घालवू नका.

प्रश्न : माझ्या जिप्सीला जुन्या जीपचे १६ इंची रिम बसतील का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्हीला पाच बोल्ट आणि त्यांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचंच, त्यामुळं बोल्ट जुळतील. पण रिमच्या मधल्या भोकातून हब आरपार जातो का ते आधी हातानं लावून बघा. जबरदस्तीनं नट आवळू नका. मग स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर पाट्याला लागतो का बघा, तेही दोन माणसं बॉनेटवर बसवून. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, आणि ब्रेकवर ताण वाढतो. तवंदी घाट उतरताना हे लक्षात असू द्या.