त्यांच्या कागदाला हात लावू नकोस

प्रिय,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पावसाने कपाटात ओल धरली, जुनी चित्रं काढून पंख्याखाली वाळवत बसले होते, त्यात उत्तर राहिलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचा चित्रांचा वर्ग सुरू केलास, फार बरं वाटलं. चौदा मुलं नेमाने येतात म्हणजे तुझ्यात काहीतरी आहे. पण तू लिहितेस की 'मनात येईल ते काढा' म्हटलं की मुलं तुझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि तासाभराने सगळ्यांच्या कागदावर तेच: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळ. या मुलांकडे कल्पनाशक्तीच नाही का, असं विचारलं आहेस.

आहे गं. भरपूर आहे. 'मनात येईल ते' हाच विषय फार अवघड आहे, मोठ्यांनासुद्धा. एकदम मोकळं सोडलं की मूल पायाखालच्या वाटेने जातं, आणि डोंगर-सूर्य ही पाठ झालेली वाट. कल्पनेला धरायला काहीतरी लागतं. एक वस्तू, नीट पाहिलेली, आणि तिच्याबद्दल एक प्रश्न. बस.

मी मुलांना राणीच्या बागेत नेते. पेंग्विन बघायला सगळेच धावतात, आम्ही आधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबतो. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं म्हणून उचलायला गेले आणि तो पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे या बागेत आणून जोडले. मुलांना हे मी लगेच सांगत नाही. आधी दहा मिनिटं नुसतं बघायला लावते, पेन्सिल पिशवीत. मग कुणीतरी हमखास ओरडतं, "ताई, ह्याला रेषा आहेत!" रेषा कसल्या, यावर भांडणं होतात. मग गोष्ट सांगते आणि एकच प्रश्न विचारते: तुकडे होऊन पडला होता, तेव्हा हा हत्ती काय करत असेल?

एका मुलाने काढलेला हत्ती माझ्याकडे अजून आहे. कुर्ल्याचा मुलगा, आठ वर्षांचा. त्याने अंगावरचे सगळे सांधे रेल्वेचे रूळ केले. पाठीवरून पश्चिम, पोटावरून मध्य, मागच्या पायावर हार्बर. जिथे दोन सांधे मिळतात तिथे त्याने पूल काढला, पुलावर ठिपक्यांची गर्दी. सोंडेच्या टोकाला इंडिकेटर, त्यावर '12 डबे'. मी विचारलं, हत्ती काय करतोय? म्हणाला, "सगळ्यांना घरी सोडतोय, म्हणून त्याला हलता येत नाही." हे त्याला मी शिकवलेलं नाही. मी त्याला फक्त रेषा दिसेपर्यंत थांबू दिलं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुझ्याकडूनही होईल. परळला शिबिर होतं. सात वर्षांच्या मुलीने चाळीची गॅलरी काढली होती. गॅलरीत निळं पिंप, माणसांच्या दुप्पट उंच. मी शेजारी बसले, तिच्या हातातला ब्रश घेतला आणि 'बघ हं, पिंप एवढं असतं' म्हणत ते मापात बसवून दिलं. चित्र सुबक दिसायला लागलं. संध्याकाळी तिची आई न्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, पाणी पहाटे साडेचारला येतं, ही पण उठते, स्टुलावर चढून पिंपात कळशी ओतते. त्या मुलीच्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू ती होती. तिने पाहिलेलं पुसून मी माझं माप त्यावर चढवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दोन डोंगर काढले.

तेव्हापासून मी वर्गात हात मांडीवर ठेवून बसते. कुणी 'काढून द्या ना' म्हणालं तर वेगळ्या कागदावरही काढत नाही. माणसाची मान जमत नसेल तर म्हणते, तुझी मान चाचपून बघ, कुठून सुरू होते? आणि 'छान' हा शब्द तूही काही दिवस बंद कर. 'छान' ऐकलं की मूल तेच पुन्हा काढतं. त्याऐवजी बोट ठेवून विचार, इथे काय चाललंय? मग गोष्ट ऐकून घे, मधे बोलू नकोस.

मुलं वयाप्रमाणे वेगळं बघतात हेही लक्षात असू दे. तीन-चार वर्षांचं पोर डोक्यालाच हातपाय लावतं. त्यानंतरची मुलं बसची बाहेरची बाजू काढतात आणि आतले प्रवासीही दाखवतात. ही चूक समजून दुरुस्त करू नकोस, त्यांना जे ठाऊक आहे ते ती काढतात. कसोटी लागते ती नऊ-दहाच्या पुढे. तेव्हा चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे मुलाला स्वतःलाच कळतं, आणि 'मला चित्रकला येत नाही' म्हणून ते वही मिटतं. कितीतरी मोठी माणसं तिथेच थांबलेली असतात. तुझ्या वर्गातली ती चार मोठी मुलं, जी मागे बसून टिंगल करतात, ती याच काठावर आहेत. त्यांच्याशी जास्त बोल.

पालक चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं विचारतात, तर नाही म्हणू नकोस. एलिमेंटरी-इंटरमिजिएटमुळे हाताला वळण लागतं, दहावीला वाढीव गुणही मिळतात. फक्त त्यातल्या 'स्मरणचित्र', म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं चित्र, या शब्दाकडे नीट बघ. क्लासमध्ये एकच बाजार सगळ्यांकडून घोकून घेतात. स्मरण मुलाचं स्वतःचं असू दे. भाजीवालीच्या पाटीखाली कोणतं कापड होतं, तराजू कसा होता, हे त्याला विचार.

रंग महाग पडतात असं लिहिलं आहेस. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांमागे त्यांनी शाळाच कुरणात नेली. तुझ्याकडे तर वर्तमानपत्र आहे, विटेचा तुकडा आहे, चहाचा चोथा आहे.

आणि तू पाठवलेली मुलांसाठीची कथा. वाचली. ससा मला आवडला, शेवटचं पान आवडलं नाही. तिथे ससा एकदम शिक्षक होतो. ते पान काढून टाक, गोष्ट बिळाच्या तोंडाशीच थांबू दे. पुस्तक करायच्या आधी त्याची घडीची पुस्तिका कर: ए-फोर कागदाला तीनदा निम्मी घडी घालून उलगड, आठ चौकोन होतील. मग कागद लांबीच्या बाजूने दुमडून त्या घडीवर मधल्या दोन चौकोनांपुरती चीर दे, दोन्ही टोकं आत ढकलून चीर फाकव आणि पुस्तकासारखा मिट. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं. सहा पानांत गोष्ट बसवताना कळेल की पान उलटण्याआधी मुलाला काय बघू द्यायचं आणि काय लपवायचं. तुझ्या हस्तलिखितात सशाला कोल्हा दिसतो ते वाक्य आणि कोल्ह्याचं चित्र एकाच पानावर आहेत. मधे पान उलटायला हवं. मोठ्याने वाचूनही बघ, एखाद्या पाच वर्षांच्या मुलासमोर. ते कुठे खिडकीबाहेर बघतं, तिथे खूण कर. आणि कोल्हा मालवणीत बोलतो ते तसंच ठेव. तुझ्या आजीची बोली आहे ती, प्रमाणभाषेत आणलीस तर तो कोल्हा तोंड मिटेल.

पुढच्या शनिवारी राणीच्या बागेत ये. बुधवारी बंद असते, नाहीतर आधीच बोलावलं असतं. कागद मी आणते. तू पेन्सिल आण, खोडरबर घरी ठेव. त्या चार मोठ्या मुलांपैकी कुणी यायला तयार असेल तर त्यालाही घेऊन ये, हत्तीपाशी उभं करू.

तुझी,
ताई