हाती आलेले नऊ लाख आणि गृहकर्ज

प्रश्न : आम्ही २०२१ साली नाशिकमध्ये सदनिका घेतली. त्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडून पस्तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढले. तेव्हा व्याजदर ७ टक्के होता आणि हप्ता २७,१३५ रुपये. पुढे दर वाढत गेले, हप्ता २८,५०० झाला आणि मुदतही वाढली. आज मुद्दल ३३ लाख शिल्लक आहे, दर ८.७५ टक्के आहे आणि उताऱ्यावर अजून २५६ हप्ते दिसतात. माझे पती ४४ वर्षांचे असून त्यांची खासगी नोकरी ५८व्या वर्षी संपेल. मी घरी शिकवण्या घेते. हप्ता सोडून घरखर्च महिना ४५ हजारांच्या आसपास आहे आणि बँकेत जेमतेम एक लाख आहेत. आता गावच्या जमिनीच्या हिश्श्याचे नऊ लाख मिळाले आहेत. ते सगळेच्या सगळे कर्जात भरावेत, असा पतींचा आग्रह आहे. कर्ज लवकर फेडायचे म्हणून दोन वर्षे आम्ही पोटाला चिमटा घेऊन राहत आहोत. मुलगी नववीत आहे, तिला शाळेच्या सहलीला पाठवले नाही आणि सासऱ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही पुढे ढकलली. हे योग्य आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पतींची अस्वस्थता मला पूर्णपणे पटते. पाच वर्षांत साडेसोळा लाखांहून अधिक रक्कम भरूनही मुद्दल केवळ दोन लाखांनी उतरले आहे, आणि वीस वर्षांचे म्हणून घेतलेले कर्ज आज एकवीस वर्षांहून अधिक उरले आहे. हे पाहून कोणाचीही झोप उडेल. असे का झाले, ते आधी पाहू. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराच्या कर्जांचे व्याज त्यामुळे वाढले आणि बहुतेक ठिकाणी हप्ता फारसा न वाढवता मुदत लांबवण्यात आली. आजही तुमच्या २८,५०० रुपयांपैकी सुमारे २४ हजार व्याजात जातात आणि मुद्दलात जेमतेम साडेचार हजार.

म्हणूनच नऊ लाखांना हात लावण्यापूर्वी व्याजदराकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात, त्यामुळे कपात त्यांच्या ग्राहकांपर्यंत आपसूक पोहोचते. गृहवित्त कंपन्यांना मात्र हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर ठरतो आणि जुन्या ग्राहकाने मागणी केल्याशिवाय तो अनेकदा खाली येत नाही. परतफेडीची नोंद चांगली असलेल्या नव्या ग्राहकाला आज अनेक बँका आठ टक्क्यांच्या आत कर्ज देत असताना तुम्ही ८.७५ टक्के भरत राहण्याचे कारण नाही. तुमच्या कंपनीकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज करावा. बहुधा दर बदलून देण्याचे थोडे रूपांतर शुल्क घेऊन कंपन्या तो मान्य करतात. नकार मिळाला, तर कर्ज बँकेकडे वर्ग करण्याचा मार्ग मोकळा आहे. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, मग फेड स्वतःच्या पैशाने होवो की दुसऱ्या बँकेच्या. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी आणि हक्कलेख तारण ठेवण्यावरील मुद्रांक शुल्क हा खर्च मात्र आधी विचारून घ्यावा.

दर ७.७५ टक्के झाला आणि हप्ता २८,५०० हाच ठेवला, तर २५६ हप्त्यांचे २१४ होतात. पदरचा एक रुपयाही मुद्दलात न घालता साडेतीन वर्षे वाचतात, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. तुमच्या प्रश्नातील सर्वांत सोपी बचत इथे आहे.

आता नऊ लाखांविषयी. सगळी रक्कम कर्जात भरली, तर या नव्या दराने सुमारे १२२ हप्ते उरतील, हे खरे आणि मोहात पाडणारेही आहे. परंतु कर्जात गेलेला पैसा मनात येईल तेव्हा परत काढता येत नाही. नोकरी गेली, आजारपण आले किंवा मुलीच्या प्रवेशाची वेळ आली, तर तुमच्याकडे एक लाख रुपये असतील आणि बाकीच्यासाठी वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण यांच्या दारात जावे लागेल. त्यांचे व्याज गृहकर्जापेक्षा बरेच जास्त असते. पावणेआठ टक्क्यांचे कर्ज फेडून त्याहून महाग कर्ज घेण्याची पाळी आली, तर कर्ज फिटले असे म्हणता येणार नाही. शिवाय हप्ता दोन-तीन महिने थकला, तर ‘आम्ही गेल्या वर्षी नऊ लाख आगाऊ भरले होते’ हे सांगून भागत नाही.

हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ७३,५०० आहे. सहा महिन्यांचे सुमारे साडेचार लाख होतात. हातचा एक लाख धरून आणखी साडेतीन लाख बाजूला काढावेत. काही बचत खात्यात आणि उरलेले लहान लहान मुदत ठेवींत, म्हणजे गरजेपुरतीच एखादी ठेव मोडता येईल. मुदत ठेवीचे करपश्चात व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असते, हे तुमचे पती नक्की दाखवून देतील आणि त्यांचा हिशेब बरोबरही असेल. तरीही हा पैसा अडचणीच्या दिवशी हाताशी असावा म्हणून ठेवायचा आहे, त्याच्याकडून कमाईची अपेक्षा करू नये.

दीड लाख रुपये घरासाठी ठेवावेत, आणि त्यातून पहिला खर्च सासऱ्यांच्या डोळ्याचा करावा. मोतीबिंदू लांबवल्याने पैसा वाचत नाही. अंधुक दिसणारा वयस्क माणूस न्हाणीघरात पडला, तर मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च कितीतरी पटींनी जास्त येतो आणि त्यांचे हाल वेगळेच. उरलेल्या रकमेतून कर्ज वर्ग करण्याचा खर्च, कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता आणि पतींचा किमान कर्जाएवढ्या रकमेचा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा आयुर्विमा) ही कामे उरकावीत. नववीतली सहल पुन्हा येत नाही. मुलीला दहावीच्या सहलीला जरूर पाठवा.

उरलेले चार लाख निःशंक मनाने मुद्दलात भरावेत. त्यामुळे २१४ हप्त्यांचे सुमारे १६६ होतात आणि साडेनऊ लाखांच्या आसपास व्याज वाचते. पतींच्या निवृत्तीला १६८ महिने आहेत, म्हणजे पगार थांबण्याआधी कर्ज संपते. माझ्या मते तुमच्या घरासाठी तीच खरी मर्यादारेषा आहे. पुढच्या पगारवाढीत हप्ता ३०,००० केला, तर आणखी वर्षभर आधी मोकळे व्हाल. त्याहून घाई करण्यासाठी घराला गेल्या दोन वर्षांसारखे दिवस पुन्हा दाखवू नयेत.

अर्ज देताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे स्पष्ट लिहावे. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर महिन्याला साडेतीन हजार सुटतील, पण एकूण व्याजाची बचत सुमारे तीन लाख चाळीस हजारांवरच थांबेल. रक्कम मुद्दलात जमा झाली की पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहिली, हे परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून तपासावे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा अंशतः फेड करणे यांतून निवड करण्याचा हक्क दिला आहे आणि दर तिमाहीस उरलेले हप्ते व व्याजदर दाखवणारे विवरण देणेही बंधनकारक केले आहे. ते विवरण दोघांनी मिळून वाचावे.

भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून कर्ज फेडण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळाले आहे, जे नव्या कर्जदरापेक्षा जास्त आहे. विकलेली जमीन शहराच्या हद्दीत किंवा हद्दीलगत असेल, तर भांडवली नफ्यावर कर लागू शकतो आणि जुने कर्ज फेडल्याने त्यातून साधारणतः सूट मिळत नाही. म्हणून सनदी लेखापालाला विचारल्याखेरीज एकही धनादेश फाडू नये.

प्रश्न : आमच्या घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात, मुदतीच्या चार वर्षे आधी भरला जाईल. त्यानंतर काय करावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मनःपूर्वक अभिनंदन. बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र आणि मूळ कागदपत्रे परत घ्यावीत. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी तुमच्याकडे असेल, तिच्याशी एकेक कागद ताडून पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये. १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत कागदपत्रे परत न केल्यास आणि तो उशीर बँकेमुळे झालेला असल्यास, प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. घर स्वतःच्या जागेवर असेल आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ सदरात बँकेचा बोजा चढलेला असेल, तर ते पत्र तलाठी कार्यालयात देऊन तो कमी करून घ्यावा. सदनिका असेल, तर गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातील बँकेची नोंद काढून घ्यावी. तारणाच्या केंद्रीय नोंदणीतील बोजा उतरवणे हे बँकेचे काम आहे, तरी तो उतरल्याची खात्री विचारून करावी. दोन-एक महिन्यांनी पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची व परतफेडीची नोंद, काढून कर्ज ‘बंद’ असे दिसते का, ते पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो.