मुकादम, पोरगा तुमच्याच धंद्यात येतोय

कोपरखैरण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ते माथाडी टोळीचे मुकादम आहेत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ते लिहितात, "शेजारच्या पोराला ऐरोलीत वेबसाइट बनवायची नोकरी लागली. आमचा रात्र-रात्र लॅपटॉपवर चार पट्ट्या वरखाली होताना बघत बसतो. प्रोसेसरवरचा भार वाटायचं शिकतोय म्हणतो, लिनक्सच्या शेड्युलरवर काम करायचंय म्हणतो. जास्त विचारलं तर 'तुम्हाला नाही कळायचं'. ओळखीचा एकजण दीड लाखाचा एआयचा क्लास लावा म्हणतोय. यात पोटापाण्याचं काही आहे का, ते सांगा."

नमस्कार दादा,

आधी त्या 'तुम्हाला नाही कळायचं'चं बघू, कारण तिथे चिरंजीव साफ चुकलेत. हा विषय ज्यांना लवकर कळावा अशा माणसांत तुमचा नंबर वरचा आहे.

लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ असे कोअर असतात. एक कोअर म्हणजे एक टोळी धरा. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे खाली करायची गाडी. लिनक्समध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, प्रत्येक कोअरपुढे गाड्यांची वेगळी रांग असते. एका टोळीपुढे पाच गाड्या तुंबल्यात आणि पलीकडची टोळी चहा पीत बसलीय, असं झालं की कुणीतरी गाडी वळवायला लागते. कुठलं काम कधी आणि कुठल्या कोअरवर चालेल हे लिनक्सचा शेड्युलर ठरवतो; त्यातला जो भाग हे वळवायचं काम करतो, तो मुकादम. पोरगा ज्या चार पट्ट्या बघत बसतो, ती चार टोळ्यांची हजेरी आहे.

आता मला सांगा, अर्धी खाली झालेली गाडी तुम्ही दुसऱ्या गाळ्यावर पाठवाल? थप्पी इथे लागलीय, काटा इथे, निम्मा माल इथे. वळवण्यात जो वेळ जाईल त्यात ती इथेच रिकामी होईल. प्रोसेसरमधली ही थप्पी म्हणजे कॅशे, कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी. कोअरच्या अगदी जवळच्या कॅशेतून माहिती मिळायला साधारण 1 नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) लागतो, मुख्य मेमरीतून आणायची तर 80 ते 100. काम दुसऱ्या कोअरवर हलवलं की थप्पी मागेच राहते आणि नव्या जागी पहिल्यापासून लावावी लागते. म्हणून एखादं काम गेल्या अर्ध्या मिलिसेकंदात त्या कोअरवर चाललं असेल, तर लिनक्स त्याला 'गरम' समजतो आणि शक्यतो हलवत नाही.

अंतराचाही हिशेब असतो. लिनक्सच्या कोडमध्ये 110 आणि 117 असे दोन आकडे लिहून ठेवलेत. एकाच कोअरचे दोन जुळे भाग असतील तर 10 टक्के फरकावरही काम वळवायचा विचार होतो, कॅशे वाटून घेणाऱ्या कोअरमध्ये 17 टक्क्यांवर. त्यापलीकडच्यांसाठी 2020 पर्यंत 25 होते, आता तिथेही 17. शेजारच्या गाळ्यावर गाडी लगेच वळवता, पण मार्केटच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवायची तर दहादा विचार करता ना, तेच हे.

आणि हा मुकादमही चुकतो बरं का. 2016 साली काही संशोधकांनी लिनक्सच्या भारवाटपातल्या चार चुका दाखवून दिल्या. रांगेत कामं ताटकळत होती आणि शेजारी कोअर रिकामे बसले होते. त्यातली एक चूक सरासरीची होती. एका गटात एका कोअरवर अवजड काम, बाकीचे मोकळे. पण गटाची सरासरी काढली की गट भरलेला दिसायचा, म्हणून तिकडे काम जायचंच नाही. दूरवरच्या ऑफिसात बसून नुसती बेरीज बघणाऱ्याची ही चूक आहे. रांगेत उभा असलेला मुकादम ती करणार नाही.

काही ठिकाणी तर हे वाटप मुद्दाम बंदच करतात. शेअर बाजारात मायक्रोसेकंदांवर खेळणाऱ्या कंपन्या काही कोअर बाजूला काढतात आणि शेड्युलरला सांगतात, इकडे फिरकायचं नाही. एक कोअर, एकच काम. बाकीचे कोअर घामाघूम झाले तरी चालेल.

तर विषय खरा आहे, अवघड आहे. आता पोटापाण्याचं.

'शेड्युलर इंजिनिअर पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल, आणि दिसलीच तर नवख्यासाठी नसेल. पण हे ज्ञान लागणाऱ्या नोकऱ्या आहेत, फक्त नावं वेगळी: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर), परफॉर्मन्स, प्लॅटफॉर्म. चिप बनवणाऱ्या कंपन्यांची मोठी केंद्रं बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पुण्यात रेड हॅट आहे, तिचा धंदाच लिनक्सचा. मोबाइलमध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र असतात, कुठलं काम कुणाला दिलं तर बॅटरी टिकेल हा हिशेब लिनक्समध्ये 2019 साली आला. घराजवळच राहायचं असेल तर ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातली डेटा सेंटर रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. तिथले सर्व्हर का अडखळले, हे शोधणारा माणूस लागतोच.

जागा मात्र वेबसाइटवाल्यांपेक्षा कमी. म्हणून कॅम्पसला कंपन्या येतील तेव्हा 'मला कर्नलच पाहिजे' म्हणून त्याने घरी बसू नये. सी भाषेचं, लिनक्सचं काम मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी घ्यावं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेटची परीक्षा द्यावी, ऑपरेटिंग सिस्टिम त्यात आहेच. नाहीच जमलं तर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेची एम्बेडेडची पदविका करता येते. दीड लाखाचा क्लास लावू नका. एआय वाईट म्हणून नव्हे. ज्याला स्वतःहून रात्रभर जागावंसं वाटणारा विषय सापडलाय, त्याला दुसऱ्याच्या आवडीची फी कशाला?

आता दोन गोष्टी त्याला वाचून दाखवा.

बाळा, पट्ट्या बघणं हा अभ्यास नव्हे. एक वही घे. टास्कसेट ही कमांड वापरून दोन प्रोग्राम एकाच कोअरवर बांध, वेळ मोज. मग मोकळे सोड, पुन्हा मोज. प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसची 'शेड' नावाची फाइल असते, ती उघड आणि काम किती वेळा कोअर बदलून गेलं तो आकडा टिपून घे. प्रत्येक प्रयोग दहा वेळा कर, एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. मुलाखतीत 'मला शेड्युलर आवडतो' म्हणणारे दहा येतात. 'बांधून ठेवल्यावर हे काम माझ्या मशीनवर इतकं जलद झालं आणि ते दुसरं उलट हळू झालं' असं सांगणारा एखादाच.

त्यानंतर अमेरिकेतल्या एमआयटीचं एक्सव्ही-6 घे. शिकण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि तिच्यात सगळे कोअर एकाच यादीतून काम उचलतात. प्रत्येक कोअरला स्वतःची रांग करून दे आणि मग रिकाम्या कोअरने शेजाऱ्याचं काम कधी ओढायचं हे तूच ठरव. लॉक, म्हणजे दोघांनी एकदम एकाच रांगेत हात घालू नये म्हणून लावायची कुलपं, चुकशील, मशीन अडकेल, दोन आठवडे जातील. जाऊ दे. ते पचलं की लिनक्सच्या 6.12 आवृत्तीपासून आलेलं शेड-एक्स्ट बघ. त्यात स्वतःचा शेड्युलर चालत्या मशीनवर चढवता येतो आणि तो बिघडला तर कर्नल त्याला काढून नेहमीच्या शेड्युलरवर परत येतो.

आणि एक सकाळ वडिलांबरोबर मार्केटात जा. आवक वाढली की ते कुठली गाडी वळवतात आणि कुठली जागेवरच राहू देतात, ते का, हे विचार.

दादा, परीक्षा संपली की दोघं ठाण्याला भेटायला या. लॅपटॉप नको, ती वही तेवढी घेऊन यायला सांगा.